आमची वाई, त्यांचं वाई आणि अंधारातला किवी

घाटावरची

लोकहो, नोव्हेंबरात न्यूझीलंडला जाऊन आले तेव्हापासून लिहायचं लिहायचं म्हणतेय, पण आधी सासूबाईंचं आजारपण, मग लेकीची परीक्षा, मग पापड-कुरडया, आता थेट वैशाखात मुहूर्त लागलाय. हे प्रवासवर्णन नाही, क्वीन्सटाउन आणि मिलफर्डचे फोटो तुम्ही सगळ्यांनी शंभरदा बघितलेत. मला फक्त अगदी खालच्या टोकाच्या चार दिवसांबद्दल सांगायचंय. ते काही केल्या डोक्यातून जात नाहीयेत.

सुरुवात ऑकलंड विमानतळावरच झाली. खाण्यापिण्याची वस्तू फॉर्मवर लिहिली नाही तर जागेवर ४०० डॉलर दंड, त्यामुळे मी शहाण्यासारखं सगळं लिहिलं होतं, अगदी गोडा मसाला सुद्धा. चकल्या, चिवडा पास झाले, घरचा वाळवलेला कढीपत्ता गेला. पण खरी गंमत बुटांची. ट्रेकचे बूट आहेत का विचारलं, आहेत म्हणाले, तर त्या बाईंनी ते उलटे केले आणि तळव्यातून अख्खा सह्याद्री निघाला! पावसाळ्यातली लाल माती, गवताचं बी, काय काय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती शांतपणे बूट घेऊन आत गेली आणि धुऊन पुसून आणून दिले. सासरी-माहेरी कुणी माझे बूट धुतले नाहीत आजवर. तेव्हा वाटलं काय हा बाऊ, एवढ्याशा मातीचा. चार दिवसांनी कळलं का ते.

माझा मावसभाऊ इन्व्हरकार्गिलला असतो, दक्षिण बेटाच्या तळाला. त्याच्या ऑफिसात एक माओरी (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी) मुलगी आहे, तिच्या आत्याने आम्हाला त्यांच्या मराएवर बोलावलं होतं. मराए म्हणजे त्यांच्या गोतावळ्याची सामाईक जागा, समोर मोकळं अंगण आणि मागे कोरीव सभागृह. आपल्याकडे गावात मारुतीचं देऊळ, चावडी, मंगल कार्यालय आणि थोरल्या काकांचा वाडा हे सगळं एकाच जागी असतं तर जे झालं असतं ते. टूरवाल्यांचा कार्यक्रम नव्हता, तिकीट नव्हतं, जेवणासकट घरगुती मामला. आत्याबाईंना सगळे आंटीच म्हणत होते, आपल्यासारखंच, नात्यातली असो नसो वयाने मोठी बाई ती आंटी.

दादाने आदल्या रात्री आमची शिकवणी घेतली. फाटकातून घुसायचं नाही, बोलावतील तेव्हाच हळूहळू चालत जायचं. आत चपला नाहीत. टेबलावर बसायचं नाही, उशीवर तर अजिबात नाही, कारण डोकं पवित्र आणि जिथे डोकं ठेवायचं तिथे बूड टेकवायचं नाही. आई हे ऐकून म्हणाली, "यात शिकवण्यासारखं काय आहे, हे तर आपल्याच घरातलं." (आई ७४ वर्षांची, बरोबर होती, तिच्या पराक्रमांवर वेगळा धागा काढावा लागेल.)

तर फाटकाबाहेर उभे होतो. आतून एका बाईची हाक आली. तिला कारांगा म्हणतात. गाणं म्हणावं तर गाणं नाही, रडणं म्हणावं तर रडणं नाही, लांबलचक वर चढत जाणारी हाक. आमच्या बाजूने दादाच्या सहकारी मुलीने तशीच हाक परत दिली. ती हाक फक्त आमच्यासाठी नव्हती, आमच्याबरोबर आमचे गेलेले लोकही येतात असं ते मानतात, त्यांनाही बोलावतात. हे दादाने आधी सांगितलं नव्हतं ते बरं केलं, कारण आई चालता चालता डोळे पुसत होती आणि नंतर म्हणाली, मला उगीच तुझ्या बाबांची आठवण झाली.

मग भाषणं. त्यांचं एक झालं की मागे सगळे उभे राहून गाणं म्हणतात. आमच्या बाजूने दादा बोलला, आणि सगळे आमच्याकडे बघायला लागले. गाणं! आम्ही पाच जण, पाचांचे सूर पाच. शेवटी आईनेच आरती सुरू केली, टाळ्यांच्या ठेक्यावर, आणि दुसऱ्या कडव्याला समोरची लहान पोरंही टाळ्या वाजवायला लागली. पुढे एका पाकिटात दक्षिणा दिली, त्याला ते कोहा म्हणतात. मग होंगी, म्हणजे रांगेने प्रत्येकाच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवायचं. घासायचं नाही बरं का, नुसतं टेकवून एक श्वास घ्यायचा. तो श्वास दोघांचा होतो. ताने नावाच्या देवाने मातीची पहिली बाई घडवली आणि तिच्या नाकात फुंकर घातली, तिथून हे आलंय.

आणि आता वाईचं. ओळख करून द्यायची त्यांची एक रीत असते, पेपेहा. नाव सगळ्यात शेवटी. आधी आपला डोंगर कोणता, नदी कोणती, पूर्वज कुठल्या होडीतून आले, कुळ कोणतं. आंटी म्हणाल्या तुमचंही सांगा. मी पाठ केलं होतं, "को पांडवगड ते माउंगा", तर त्यांनी थांबवलं, इकडे दक्षिणेत माउंगा नाही म्हणायचं, माउका. दक्षिणेतले लोक 'ङ्ग'चा 'क' करतात म्हणे. बरं. को पांडवगड ते माउका, को कृष्णा ते आवा. आणि गाव? म्हटलं, वाई. एकदम शांतता आणि मग सगळी हसायला लागली. त्यांच्या भाषेत वाई म्हणजे पाणी. शिवाय वाई म्हणजे 'कोण' सुद्धा! तू कोण हे विचारायचं तर "को वाई कोए". म्हणजे त्यांनी विचारलं तू वाई, आणि मी म्हणाले मी वाई. आंटींनी दोन्ही हातांनी माझे गाल धरले आणि म्हणाल्या, मग तुला काही शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी ब्लफहून बोटीने राकिउरा, म्हणजे स्टुअर्ट आयलंड. तासाभराचा प्रवास, पण फोवो सामुद्रधुनी अशी हलवते की माझा नवरा पूर्ण वेळ डोळे मिटून बसला होता. ब्लफला किनाऱ्यावर लोखंडी साखळीचं एक प्रचंड शिल्प आहे, समुद्रात शिरलेलं, आणि त्याचं दुसरं टोक पलीकडे बेटावर ली बे ला बाहेर येतं. कारण माउई नावाच्या वीराने एक भलामोठा मासा ओढून काढला ते उत्तर बेट, दक्षिण बेट ही त्याची होडी, आणि राकिउरा हा त्या होडीचा नांगर. नकाशा काढून बघा, बसतं बरोबर.

बेटावर माणसं चारशेच्या आसपास आणि किवी पक्षी हजारांनी. तरी दिसायची खात्री नाहीच. रात्री बोटीने आम्हा पंधराएक जणांना एका निर्मनुष्य दांड्यावर उतरवलं, मग झाडीतून वीसेक मिनिटं चालत पलीकडच्या पुळणीवर. बोलायचं नाही, फ्लॅश नाही, गाईडच्या हातात एक मंद बॅटरी. थंडी अशी की दात वाजायचे आणि त्याचाही आवाज नको म्हणून मी मफलर चावत होते. पाऊण तास काही नाही. लेक कानात म्हणाली, आई इथे पण ताडोबासारखंच होणार.

आणि मग भरतीने टाकलेल्या शेवाळाच्या ढिगाऱ्यात काहीतरी हललं. कोंबडीएवढा, पण कोंबडीसारखा नाही, केसाळ, गोल, शेपूट नाही, पंख दिसत नाहीत, आणि लांब चोच वाळूत टेकवत टेकवत येतोय, म्हातारी बाई देवळाच्या पायऱ्या काठी टेकत चढते ना, अगदी तशी. वाळूतले छोटे उडे किडे शोधत होता. नाकपुड्या चोचीच्या टोकाला असतात, त्यामुळे वाळू गेली की फुस्स करून शिंकरतो, तो आवाज स्पष्ट आला. चाळीस सेकंद असेल. एकदा आमच्याकडे तोंड केलं, आमची काही दखल घेतली नाही, आणि गवतात गेला. परतताना गाईडने सांगितलं, या जातीचं नाव टोकोएका आणि त्याचा अर्थ काठीवाला वेका. (वेका म्हणजे तिथलाच दुसरा पक्षी, चोरटा, आमचं बिस्किटाचं पाकीट त्याने पळवलं.) मी अंधारात एकटीच हसत होते.

त्याचीही गोष्ट आहे. झाडांना किडे खात होते तेव्हा तानेने पक्ष्यांना विचारलं, रानाच्या जमिनीवर कोण उतरेल? एक म्हणाला मला अंधाराची भीती वाटते, एक म्हणाला पाय ओले होतील, एक म्हणाला घरटं बांधतोय. किवी म्हणाला मी जातो. त्याचे पंख गेले, रंग गेले, पण तो उतरला. आणि हाच ताने माणसांचाही बाप, पण पक्षी आधीचे. आंटी हे इतक्या सहज म्हणाल्या होत्या की मी तेव्हा लक्षच दिलं नव्हतं, ते थोरले आणि आपण धाकटे. पुळणीवर तो किवी आमच्याकडे न बघता निघून गेला तेव्हा ते एकदम आठवलं. थोरली भावंडं अशीच वागतात.

तिसऱ्या दिवशी राकिउराजवळचं उल्वा बेट. बोटीत चढायच्या आधी बॅगा उघडून उंदीर बघायला लावतात, खरोखर. बुटांचे तळवे परत. इथे माझी विमानतळावरची मस्ती उतरली. हे बेट १९९७ ला उंदीरमुक्त झालं, मधे उंदीर परत शिरले, परत काढावे लागले. तिथे टिएके बघितला, काळा पक्षी आणि पाठीवर तांबडी झूल. माउईने सूर्याला बांधलं आणि घामाघूम होऊन पाणी मागितलं, टिएकेने आणलं नाही, म्हणून माउईने तापलेल्या हाताने त्याला धरून भिरकावलं, तो डाग. पण त्याहून मोठी गोष्ट अलीकडची आहे, १९६४ ची. राकिउराच्या नैर्ऋत्येला ताउकिहेपा नावाचं बेट आहे, तिथे बोटींतून जहाजी उंदीर उतरले. बघता बघता तिथला एक पाणलाव्यासारखा पक्षी, एक रेन नावाचा चिमुकला पक्षी आणि एक वटवाघूळ पृथ्वीवरून कायमचे गेले, ते त्या बेटापुरतेच उरले होते. दक्षिणेतले टिएकेही तेव्हा फक्त तिथेच आणि आसपास उरले होते. त्यातले ३६ उचलून दोन छोट्या बेटांवर नेऊन सोडले. आज दक्षिण बेटाकडचे जेवढे टिएके आहेत ते सगळे त्या ३६ चे वंशज. माझ्या डोक्यावर जो ओरडत होता तोही.

एवढंच. आता विचारा काय विचारायचं ते. फोटो फार नाहीत, आधीच सांगते.

---

टेकडीवाला

जबरदस्त! आईंची आरती वाचून अंगावर काटा आला आणि मग हसू पण आलं. किवीचा एक तरी फोटो? काळा कुट्ट आला असला तरी चालेल.

घाटावरची

काळा कुट्ट पण नाही हो. नवऱ्याने काढलेला एक आहे त्यात माझा मफलर आहे.

मीठमिरची

लेख आवडला पण जेवणाबद्दल एक शब्द नाही?? मराएवर काय खाल्लंत ते लिहा की. की काही लपवताय :)

घाटावरची

पकडलंत. मुद्दाम टाळलं होतं कारण मला माहीत होतं की धागा तिकडेच जाणार.

भाषणं झाली की जेवण झालंच पाहिजे, जेवल्यावरच पाहुणे 'आपले' होतात, तोवर तुमच्याभोवती एक सोवळं असतं म्हणा. रताळी, भोपळा, बटाटे, मेंढीचं मांस, ऑयस्टर, पाव. आई शाकाहारी, तिच्यासाठी वेगळं ताट झाकून ठेवलं होतं. आणि एका पातेल्यात टीटी. आपली टिटवी नव्हे! समुद्रपक्षी आहे, आणि त्याची पिल्लं खारवून ठेवतात. पाणी बदलून बदलून उकळतात तरी खारट. मी चाखली. सुका बांगडा आणि बदक यांचं लग्न लावलं तर. तेल इतकं की हात दोनदा धुवावे लागले. दादा बोटं चाटत होता.

काळाघोडा

एक मिनिट. म्हणजे बुटाची माती धुतात, बॅगेत उंदीर शोधतात, पक्षी आमचे थोरले भाऊ म्हणतात, आणि त्यांच्याच पिल्लांना मिठात घालून खातात? हे कसलं संवर्धन म्हणायचं. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर याच संस्थळावर शंभर प्रतिसाद पडले असते.

घाटावरची

@काळाघोडा मलाही हाच प्रश्न पडला होता आणि मी आंटींना विचारला सुद्धा, जरा भीत भीत. त्या चिडल्या नाहीत. जे समजलं ते सांगते.

राकिउराच्या आसपासची काही बेटं टीटीची बेटं म्हणून ओळखली जातात. १८६४ मध्ये राकिउरा सरकारला देताना जो करार झाला त्यातच टीटीचे हक्क राखून ठेवले होते. पिल्लं धरायची ती फक्त राकिउरा माओरी वंशाच्या लोकांनी, फक्त १ एप्रिल ते ३१ मे. बाकी दहा महिने नाही, बाकी कुणी नाही. एप्रिलमध्ये बिळात हात घालून काढतात आणि मे मध्ये रात्री पिल्लं बाहेर पडतात तेव्हा बत्तीच्या उजेडात. मोठ्या पक्ष्याला हात लावायचा नाही. पूर्वी मोठ्या समुद्री शेवाळाच्या पिशव्या करून त्यात चरबीत भरून ठेवायचे, त्याला पोहा म्हणतात (हो, पोहा! आईला फार आवडलं हे).

आणि वर लिहिलेलं ताउकिहेपा हे टीटीचंच बेट आहे. म्हणजे उंदीर आले तेव्हा पहिला फटका त्यांच्याच घराला बसला. नंतर त्या बेटांवरून उंदीर काढायला हीच कुटुंबं पुढे होती. आंटी म्हणाल्या, ज्याला पुढच्या वर्षी परत यायचंय तो बिळावर पाय देत नाही. मला हे पटलं. तुम्हाला पटावं असा आग्रह नाही.

काळाघोडा

हक्क, करार सगळं ठीक, पण संख्या कमी होत असेल तर काय? आणि तो मोआ पक्षी कुणी संपवला तेही सांगा की. तो काय गोऱ्यांनी खाल्ला नाही.

अभ्या_वेलिंग्टन

सतरा वर्षं इथे आहे म्हणून बोलतो. मोआ माओरींनीच संपवला, यात वाद नाही, इथले माओरीही ते नाकारत नाहीत. ते इथे आले साधारण तेराव्या शतकात आणि पुढच्या दीडदोनशे वर्षांत ते राक्षसी पक्षी गेले, आणि मोआवर जगणारा महाकाय गरुडही गेला. त्यांच्याबरोबर एक छोटा उंदीर आणि कुत्रा आला होता. मग गोरे आले, त्यांनी फरसाठी पॉसम (झाडावरचा एक केसाळ प्राणी) आणला, ससे आणले, मग ससे फार झाले म्हणून स्टोट आणला (मुंगसाचा गोरा भाऊ समजा), आणि स्टोटने ससे सोडून किवीची पिल्लं खाल्ली. इथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही मूळचा सस्तन प्राणी नाही. त्यामुळे पक्ष्यांना पळायचं कशापासून हेच माहीत नव्हतं. म्हणून तो बुटांचा आणि बॅगांचा बाऊ.

हुइया नावाचा पक्षी होता, त्याची पिसं माओरी सरदार केसात खोवायचे. मग ती फॅशन लंडनला पोचली. १९०७ मध्ये शेवटचा खात्रीने दिसला. त्यामुळे "कोणी संपवला" याचं उत्तर सोपं नाही हो काळाघोडा, सगळ्यांनी थोडा थोडा.

टीटीची संख्या घटतेय का हा प्रश्न रास्त आहे. पण ते पक्षी हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकपर्यंत जातात, वर्षाला साठ हजार किलोमीटरच्या वर उडतात, वाटेत मासेमारीची जाळी आहेत, समुद्र तापतोय. सगळं खापर बिळात हात घालणाऱ्या आज्जीवर फोडू नका.

काळाघोडा

मान्य. पूर्ण नाही, पण बरंचसं.

(तेवढ्यात एक. माओरी आणि मौर्य यांचा संबंध आहे असं वाचलंय. वाई सापडलंच आहे, पोहा सापडलाय, आता पुरावा आणखी काय हवा?)

शब्दपिसाट

आला, व्हॉट्सॅप विद्यापीठाचा कुलगुरू आला :) वाई आणि पोहा हे निव्वळ योगायोग. कुठल्याही दोन भाषा घ्या, असे पाचपन्नास शब्द निघतात. माओरी ही हवाई, ताहिती, सामोआ यांच्या भाषांची बहीण, आणि लांबून मलाय आणि फिलिपिनो भाषांची चुलत बहीण. पाच म्हणजे माओरीत रिमा, मलायमध्ये लिमा. तिथे नातं आहे, कारण ध्वनी नियमाने बदललेत. मौर्यांना कृपया पाटलीपुत्रातच राहू द्या.

खरा भारतीय धागा हवा असेल तर तो दुसरा आहे. १८३६ च्या सुमारास विल्यम कोलेन्सो नावाच्या मिशनऱ्याला उत्तर बेटात माओरी बायका एका काशाच्या भांड्यात बटाटे उकडताना दिसल्या. ते भांडं म्हणजे जहाजाची फुटकी घंटा होती आणि तिच्यावर जुन्या तमिळ लिपीत मोहिदीन बक्ष याच्या जहाजाची घंटा असं कोरलेलं आहे. तिथे ती कशी पोचली कुणाला सांगता आलेलं नाही. वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयाच्या ताब्यात आहे.

मीठमिरची

घंटेत बटाटे!! हे मी आज घरी सगळ्यांना सांगणार.

शंखपुष्पी

खूप सुंदर लिहिलंयस घाटावरची. पण एक खटकलं म्हणून विचारते. भाषणं सगळी पुरुषांनीच केली का? तुमच्यातर्फे दादाच का बोलला, आई सगळ्यात मोठ्या होत्या ना? मी कुठेतरी वाचलं की बायकांना मागच्या रांगेत बसवतात.

घाटावरची

हो, बरोबर ऐकलंयस. पुढच्या बाकांवर पुरुष, आम्ही मागे. मला पण सुरुवातीला टोचलं, इतक्या लांब येऊन परत तेच का. लेकीने तर तोंडच वाकडं केलं.

पण मग लक्षात आलं की आत येण्याची परवानगी कुणी दिली? बाईने. ती हाक पडल्याशिवाय कितीही मोठा माणूस असो, फाटकात उभा. आणि भाषण भरकटलं तर मागून बायका सरळ गाणं सुरू करतात आणि भाषण संपतं! आंटींनी एका काकांचं असं केलं, आमच्या डोळ्यांदेखत. आपल्या सत्कार समारंभांना ही सोय हवी.

तरी खटकलं ते खटकलंच. दोन्ही खरं आहे.

अभ्या_वेलिंग्टन

सगळीकडे सारखं नसतं. काही कुळांमध्ये बायका बोलतात सुद्धा. माओरींमध्येच यावर वाद चालू असतो, आपण बाहेरून निकाल देऊ नये.

पेपेहाबद्दल एक सांगतो, राग मानू नका. इथे काही माओरी लोकांना आवडत नाही की नुकत्याच आलेल्या माणसाने इथल्याच डोंगराला 'माझा डोंगर' म्हणावं. तुम्ही पांडवगड आणि कृष्णा सांगितलंत ते उत्तम केलंत. मी पहिल्या वर्षी ऑफिसात उत्साहाने वेलिंग्टनची टेकडी सांगितली होती, एका सहकाऱ्याने बाजूला घेऊन हळूच विचारलं, तुझ्या आजीचा डोंगर कुठला? तेव्हापासून मी सिंहगड सांगतो.

आणि उच्चारासाठी मराठी माणसाला फार बरं आहे. त्यांच्यातही ह्रस्व दीर्घ आहे आणि चुकलं तर अर्थ बदलतो. फक्त इंग्रजी स्पेलिंगवर जाऊ नका, 'डब्ल्यू एच' दिसलं की बहुतेक ठिकाणी 'फ' म्हणा.

टेकडीवाला

@अभ्या तुमच्या गावात म्हणे शहराच्या मध्येच कुंपण घालून जंगल केलंय?

अभ्या_वेलिंग्टन

झीलँडिया. २२५ हेक्टर, भोवती ८.६ किलोमीटरचं कुंपण, उंदीर-मांजर-स्टोट काही चढू शकत नाही असं. १९९९ ला कुंपण पुरं झालं. आता तिथले 'काका' नावाचे पोपट कुंपणाबाहेर येऊन आमच्या बाल्कनीत बसतात आणि लाकूड पोखरतात. बायको ओरडते, मी कौतुकाने बघतो. तुआतारा पण आहे तिथे, सरड्यासारखा दिसतो पण सरडा नाही, त्याच्या कुळातला जगात एवढा एकच उरलाय.

आणि ज्यांना घरची आठवण येते त्यांच्यासाठी उत्तर बेटावर साळुंकी आहे. १८७० च्या दशकात आणून सोडली, आता सगळे तिला शिव्या देतात. मी एकटाच तिची बाजू घेतो.

निळीवाट

नाचण पण आहे ना तिकडे? आमच्या बागेत येते ती पांढऱ्या भुवईची, शेपटीचा पंखा करून नाचणारी.

अभ्या_वेलिंग्टन

तिचीच सख्खी जात, पिवाकावाका. माणसामागे मागे फिरते कारण आपल्या चालण्याने किडे उडतात. पण घरात शिरली तर जुनी माणसं गप्प होतात, मृत्यूची सूचना समजतात. माउई मृत्यूच्या देवीला झोपेत जिंकायला गेला होता, पक्ष्यांना सांगून ठेवलं होतं की हसू नका, आणि हिला हसू आवरलं नाही. देवी जागी झाली, माउई मेला, म्हणून आपण सगळे मरतो. आमच्या शेजारच्या माओरी काकांच्या स्वयंपाकघरात एकदा शिरली तर त्यांनी टीव्ही बंद करून सगळ्यांना फोन लावले, तुम्ही ठीक आहात ना.

पोस्टमन_काका

उल्वा बेटाचं नाव वाचून राहवलं नाही. मी ३१ वर्षं टपाल खात्यात होतो आणि जुन्या पोस्टाच्या गोष्टी जमवतो. त्या बेटावर एकेकाळी पोस्ट ऑफिस होतं. तिथे एका झुडपाची जाड, मागून पांढरट पानं मिळतात, लोक त्यावर पत्ता लिहून तिकीट चिकटवून पेटीत टाकत आणि ती पोचत. ताई, ते झुडूप दिसलं का?

घाटावरची

काका! दिसलं, त्याला टीटीचंच झुडूप म्हणतात. गाईडने एक पडलेलं पान दिलं, मी त्यावर काडीने आईचं नाव लिहिलं, पांढऱ्या बाजूवर अक्षर तपकिरी उमटतं. पण देशाबाहेर न्यायचं म्हणजे परत विमानतळ, मग तिथेच ठेवून आले.

थेंबेथेंबे

नदीचा विषय निघालाय म्हणून. व्हांगानुई नदीला २०१७ च्या मार्चमध्ये तिकडे कायद्याने व्यक्ती ठरवलं. तिच्या काठचे लोक म्हणतात, मी नदी आहे आणि नदी मी आहे. त्याच महिन्यात उत्तराखंडच्या हायकोर्टाने तोच दाखला देऊन गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं आणि जुलैत सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. कारण राज्य सरकारनेच विचारलं होतं, पुरात कुणी मेलं तर खटला नदीवर की आमच्यावर? तिकडे निदान नदीच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमली, एक तिथल्या लोकांकडून, एक सरकारकडून. आपण कृष्णामाई म्हणतो आणि माईच्या पदरात काय काय सोडतो ते वाईकरांना मी काय सांगू.

घाटावरची

नका सांगू. आंटींनी विचारलं होतं, तुझ्या नदीत पोरं पोहतात का. मी म्हटलं, मी पोहायला तिथेच शिकले. हे खरं आहे. त्यांनी आत्ताचं विचारलं होतं.

मीठमिरची

बरं आता प्रॅक्टिकल. शाकाहारी माणसाचं राकिउरावर कसं होतं, आणि किती दिवस ठेवू? नवऱ्याला दोनच दिवस द्यायचेत.

घाटावरची

तीन रात्री तरी ठेवा. हवा बिघडली की रात्रीची किवीची बोट रद्द होते, आमची पहिल्या रात्रीची झाली होती आणि पैसे परत मिळायला एका बुकिंगवाल्याने महिनाभर फिरवलं, ते असो. दुकान एक आहे, भाजी-पाव मिळतो, राहायच्या जागेत स्वयंपाकघर असलेलं बघा. आईने तिथे पिठलं केलं होतं, बेसन फॉर्मवर लिहून नेलं होतं, चालतं. गरम कपडे नोव्हेंबरात पण. सँडफ्लाय म्हणजे तिथल्या चावऱ्या माश्यांसाठी मलम. चाव्याला खाजवू नका, माझ्या घोट्यावर अजून खूण आहे.

टेकडीवाला

हा धागा आंटींना दाखवलात की नाही?

घाटावरची

दादा वाचून दाखवणार आहे, पण त्या आत्ता नाहीयेत. १ एप्रिललाच गेल्या बेटावर, मुलं-नातवंडं घेऊन, मेअखेर येतील. फोन लागत नाही तिकडे. दादाला निरोप ठेवून गेल्यात की पाण्याच्या गावच्या पोरीसाठी टीटीची एक बादली बाजूला ठेवते. आता ती पुण्यापर्यंत कशी आणायची, आणि आईच्या स्वयंपाकघरात उकळायची कुठे, ज्याला सुचेल त्याने व्यक्तिगत निरोप करा.